एका आवाजाएवढं इंटरनेट

1989 साली मुंबईच्या जुहूमधून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत एक लीज लाइन सुरू झाली. या टोकाला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटी ही संस्था होती आणि त्या टोकाला यूयूनेट हे नेटवर्क. भारतातल्या आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अशा मोजक्या संस्थांना जोडणाऱ्या 'अर्नेट' या जाळ्याचा जगाकडे उघडणारा हा दरवाजा. त्याचा वेग होता सेकंदाला 9.6 किलोबिट.

हा वेग म्हणजे नेमका किती? सातपुड्यातल्या एका गावाचं नाव घ्या, 'धडगाव'. आज संगणकात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. ध, ड, ग, काना आणि व मिळून पंधरा बाइट झाले. 9.6 किलोबिट म्हणजे 1200 बाइट. जुहूच्या त्या लाइनवरून सेकंदाला ऐंशी वेळा 'धडगाव' लिहून पाठवता आलं असतं, बस. त्यात सगळ्या संस्थांचे प्राध्यापक, विद्यार्थी, त्यांच्या ईमेल आणि फाइल मावायच्या होत्या. आजच्या फोनमधला तीन मेगाबाइटचा एक फोटो त्यावरून जायला चाळीस मिनिटांहून जास्त वेळ लागला असता, आणि तेवढा वेळ बाकी सगळ्या संस्थांनी गप्प बसायचं!

1992 साली ही लाइन 64 किलोबिटची झाली.

हा 64 आकडा मला फार आवडतो. तो कुणी सोयीचा म्हणून निवडलेला नाही, तो माणसाच्या आवाजातून आला आहे. टेलिफोन साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज नेतो. बोललेलं कळायला तेवढं पुरतं. हा आवाज आकड्यांत बदलायचा, तर त्याच्या सर्वात जलद कंपनाच्या दुपटीहून जास्त वेळा त्याची मोजणी करावी लागते. थोडी जागा राखून इंजिनिअरांनी वरची मर्यादा 4000 धरली, म्हणून सेकंदाला 8000 मोजण्या. प्रत्येक मोजणी आठ बिटांत लिहिली की झाले 64,000 बिट. जगभरच्या डिजिटल टेलिफोन एक्स्चेंजांनी हेच माप धरलं आणि लाइनीही त्याच मापात विकल्या जाऊ लागल्या.

म्हणजे 1989 मध्ये मोडेम आकड्यांचे सूर करून ते आवाजासाठी बांधलेल्या वाटेतून कसेबसे पलीकडे ढकलत होता. 1992 मध्ये अर्नेटला एका माणसाच्या अख्ख्या आवाजाएवढी जागा मिळाली. एका फोन कॉलच्या जागेतून इतक्या मोठ्या संस्थांचा जगाशी व्यवहार चालला, हे आज लिहितानाही अंगावर काटा येतो.

वेग वाढला साडेसहा पटींहून किंचित जास्त. पण वापरणाऱ्याला फरक जाणवतो तो त्याहून कितीतरी मोठा, आणि त्याचं गणित सुंदर आहे. डेटाची पाकिटं ठरल्या वेळी येत नाहीत, कशीही येतात. लाइन निम्मी भरलेली असेल, तर पाकिटाला रिकाम्या लाइनच्या दुप्पट वेळ लागतो. 80 टक्के भरली की पाचपट, 90 टक्क्यांना दसपट, 95 टक्क्यांना वीसपट. आता अशी 95 टक्के भरलेली लाइन 9.6 वरून 64 वर न्या आणि गर्दी तेवढीच ठेवा. लाइन जेमतेम 14 टक्के भरेल, आणि रांगेच्या सर्वात साध्या गणितानुसार पाकिटाचा वेळ शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होईल. छोट्या पुरवठादाराची लाइन वाढली की लोक म्हणतात, जादू झाली. ती रांग मोडल्याची जादू असते.

एक गोष्ट मात्र लाइन रुंद करून बदलत नाही: अंतर. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. तो रस्ता कितीही रुंद केला तरी धडगाव जवळ येत नाही. उपग्रहावरून जाणाऱ्या लाइनचंही तसंच. भूस्थिर उपग्रह 35,786 किलोमीटर उंचीवर असतो. निरोप वर जाऊन खाली येतो तोवर पाव सेकंद गेलेला असतो. त्याची पोच परत येईपर्यंत अर्धा. इंटरनेटची टीसीपी ही पद्धत पोच येईपर्यंत मूळ नियमानुसार जास्तीत जास्त 65,535 बाइटच पाठवत असे. पोच अर्ध्या सेकंदानं येणार, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मेगाबिट. दहा मेगाबिटची लाइन विकत घेतली तरी एका फाइलला तेवढाच वेग! संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन, बॉब ब्रेडन आणि डेव्ह बोरमन यांनी ही मर्यादा उठवणारा नियम मे 1992 मध्ये मांडला. लाइन वाढवायची तर कधी कधी तिच्यावरून चालणाऱ्या बोलीचे नियमही वाढवावे लागतात.

आणि वाढवायची ती नेमकी कुठे? वेग ठरतो तो वाटेतल्या सर्वात अरुंद जागी. जुहूला ती जागा समुद्रापलीकडे जाणारी लाइन होती. धडगावला ती सातपुड्यात आहे.

धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचं मुख्यालय. तालुक्याच्या उत्तरेला नर्मदा. भिल्ल आणि पावरा कुटुंबांची घरं इथं एका गावठाणात दाटीनं नसतात, आपापल्या शेतात, उतारांवर पाड्यापाड्यांनी पसरलेली असतात. टॉवरच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे माथ्यावर रेंज आणि खालच्या दरीत शांतता हे इथलं साधं भूमितीय सत्य आहे. भारतनेट योजनेत प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणि किमान 100 मेगाबिट असं ठरलं. अर्नेटच्या 1992 च्या लाइनच्या हे दीड हजार पटींहून जास्त! पण फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येतं आणि माणसं राहतात पाड्यात. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतल्या 7,287 गावांसाठी 4जी टॉवर मंजूर केले; नंदुरबार हा तसा आकांक्षित जिल्हा आहे.

टॉवर उभा राहिला की काम झालं, असं समजणं मला धोक्याचं वाटतं. फोनमध्ये 4जीच्या सगळ्या कांड्या दिसतात, त्या फक्त फोन आणि टॉवर यांच्यातल्या सिग्नलची ताकद सांगतात. टॉवरच्या मागची जोडणी, फायबर असो की एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर टाकलेली मायक्रोवेव्ह, तेवढ्याच ताकदीची नसेल, तर बाजाराच्या दिवशी तीच 95 टक्क्यांची रांग लागते. म्हणून डोंगरातल्या टॉवरची मोजणी करताना टॉवर किती उभे राहिले याच्या शेजारी दुसरा आकडाही लिहायला हवा: प्रत्येकाच्या मागे किती मेगाबिट येतात, आणि गर्दीच्या तासाला त्यातले किती भरलेले असतात.