क्रांतिक दाब म्हणजे काय?

स्वयंपाकघरातील गॅसचा सिलिंडर हलवला, तर आत द्रव डचमळल्याचे जाणवते. त्यातील दाब दहा वातावरणांहूनही कमी असतो. इस्पितळातील भरलेल्या ऑक्सिजन सिलिंडरात मात्र सुमारे १५० वातावरण इतका दाब असतो. तरीही त्यात द्रवाचा थेंबही नसतो. ऑक्सिजनचा क्रांतिक दाब तर अवघा ५० वातावरण! मग तिप्पट दाबाखालीही तो वायूच कसा राहतो? ‘वायूचा द्रव करणारा दाब तो क्रांतिक दाब’ अशी व्याख्या पाठ करणारा विद्यार्थी येथे हमखास अडतो.

एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञही असेच अडले होते. १८२३ साली फॅरडे यांनी क्लोरीनचा द्रव केला. परंतु ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन हे वायू प्रचंड दाबालाही दाद देईनात. त्यांना ‘शाश्वत वायू’ असे नावच पडले.

हे कोडे बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी सोडविले. कार्बन डायऑक्साइड काचेच्या बारीक नळीत कोंडून त्यांनी तो निरनिराळ्या तापमानांना दाबून पाहिला आणि १८६९ साली आपले निष्कर्ष मांडले. तापमान ३१° सें.च्या खाली असताना पुरेसा दाब दिला की नळीत द्रव जमे, व द्रव आणि वायू यांमधील सीमारेषा स्पष्ट दिसे. तापमान ३१° च्या जवळ नेले की ती पुसट होई. कारण उघड आहे: तापमानाबरोबर द्रव प्रसरण पावून विरळ होतो, तर त्यावरील वायू अधिक दाट होतो. अखेर दोहोंची घनता सारखी होते आणि सीमारेषाच नाहीशी होते. याहून अधिक तापमानाला दाब कितीही वाढविला, तरी ती पुन्हा उमटत नाही.

असे का व्हावे? दाब रेणूंना फक्त जवळ आणतो. त्यांना एकत्र धरून ठेवते ते परस्परांचे आकर्षण. तापमान फार असेल, तर रेणूंची गती त्या आकर्षणाला पुरून उरते.

सीमारेषा नाहीशी होते ते क्रांतिक तापमान, आणि त्या तापमानाला द्रवाचा जो बाष्पदाब असतो तो क्रांतिक दाब. कार्बन डायऑक्साइडसाठी तो ७३ वातावरण, तर पाण्यासाठी ३७४° सें.ला २१८ वातावरण आहे. ऑक्सिजनचे क्रांतिक तापमान उणे ११८° सें.; म्हणून आपल्या हवेत त्याचा द्रव नुसत्या दाबाने होणे नाही. घरगुती गॅसमधील प्रोपेनचे ९७° सें. व ब्यूटेनचे १५२° सें. असल्याने ते थोड्या दाबानेच द्रवरूप होतात.

याचा व्यवहारातही उपयोग आहे. ऑक्सिजन वापरला जाईल तसतसा दाबमापकाचा काटा उतरतो. म्हणून किती शिल्लक आहे ते काट्यावरून कळते. घरगुती गॅसचा दाब मात्र द्रव संपत येईपर्यंत फारसा बदलत नाही. तेथे सिलिंडरचे वजनच करावे लागते.

आणि पाण्यावर २१८ वातावरणांहून अधिक दाब ठेवून ते तापविले तर? विजापूर जिल्ह्यातील कुडगीच्या औष्णिक वीजकेंद्रात हेच करतात. तेथे पाण्याला उकळी फुटतच नाही. बुडबुडे न येता ते हळूहळू विरळ होत जाते. त्यामुळे पाणी व वाफ वेगळी करणारी टाकी नेहमीच्या चालण्यात लागत नाही.

तेव्हा कोष्टकात क्रांतिक दाबाचा आकडा दिसला, की शेजारचे तापमान आधी वाचावे. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.