सावित्रीकाठचे महाड : एका दिवसाची सहल

महाड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चवदार तळे उभे राहते, आणि ते योग्यच आहे. पण तळ्यावर अभिवादन करून लगेच गाडीत बसणाऱ्याला महाड निम्मेच दिसते. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री नदी या गावावरून वाहत पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. गांधारी नदीही इथेच तिला येऊन मिळते. नदीमुळे महाड हे जुन्या काळापासून बंदर आणि बाजारपेठ. म्हणून यंदा आम्ही घाटकोपर-मुलुंडच्या काही कुटुंबांनी ठरवले, की बायकामुलांसह जायचे आणि अख्खा दिवस महाडलाच द्यायचा.

मुंबईहून महाड सुमारे १७० किलोमीटर. पनवेल, पेण, माणगाव असा रस्ता. आम्ही खाजगी बस ठरवून मध्यरात्रीनंतर निघालो. एस.टी.ने जाता येते, आणि रेल्वेने जाणाऱ्यांना कोकण रेल्वेचे वीर स्टेशन जवळ पडते. २० मार्चला आणि २५ डिसेंबरला तेथे आपला समाज मोठ्या संख्येने लोटतो. लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर असतील तर त्या गर्दीचे दिवस सोडून जावे, म्हणजे सारे निवांत पाहता येते.

उन्हे चढण्याआधी प्रथम गांधारपाले येथील लेणी पाहावीत. महाडच्या अलीकडे, महामार्गालगतच्या डोंगरात ही बौद्ध लेणी कोरलेली आहेत. थोडी चढण आहे, पण सावकाश चढल्यास वयस्कर मंडळीही पोचतात. पहिलेच लेणे मोठे, खांबांच्या ओसरीचे. आतल्या बाजूस बुद्धमूर्ती आहे. मुलांना तेथे बसवून आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. वरून खाली नदी, भाताची खाचरे आणि महाड गाव दिसते.

येथील एक शिलालेख आपण मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. कुमार कानभोज विष्णुपालित याने लेणे, चैत्यगृह आणि ८ खोल्या दान दिल्याचे त्यात कोरले आहे. त्याबरोबरच लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या २ पोढ्या, म्हणजे दगडात खोदलेली टाकी, आणि वाट दिल्याचेही नमूद आहे. हा लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानला जातो. पाणी आणि वाट यांचे दान पुण्याचे मानून दगडावर कोरले गेले, तेही याच महाडजवळ!

आणि त्याच महाडात पुढे माणसाला पाणी नाकारले गेले. लेण्यांवरून उतरून चवदार तळ्याकडे जाताना हा विचार आमच्या मनातून जाईना. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा तो ठराव होता. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या काळात महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. १९ व २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. समोर तळे भरलेले आणि पाणी विकतचे!

२० मार्चला बाबासाहेब मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. मागोमाग हजारो बांधवांनी पाणी घेतले. वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार अशी अफवा उठवून नंतर परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला ठरावच रद्द केला.

पण लढा थांबला नाही. डिसेंबरात बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरून महाडला आले. परिषदेसाठी जागा मिळत नव्हती, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याची आठवण देणारा क्रांतिस्तंभ महाडात आहे, तो अवश्य पाहावा. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर भाषण करून नीटनेटके राहण्यास आणि मुलामुलींना शाळेत घालण्यास सांगितले. तळ्याचा खटला कोर्टात चालत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीसाठी १० वर्षे!

तळ्याच्या काठी आमच्यातल्या एका कॉलेजकुमाराने विचारले, "पाण्यासाठी एवढे कशाला भांडायचे? दुसरीकडून आणायचे." त्याच्या घरात नळ आहे, त्यामुळे त्याला तसे वाटणारच. तेव्हा बरोबरच्या आजी म्हणाल्या, "बाळा, लहानपणी विहिरीवर आम्ही लांब उभ्या राहायचो. कुणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर रिकामा हंडा. तहान तर ओढ्यावरही भागायची रे. पण त्या रिकाम्या हंड्याने मान खाली जायची." मुलगा गप्प झाला. मग त्याने आजींना हात धरून पायऱ्यांपर्यंत नेले.

संध्याकाळी सावित्रीचे दर्शन घेतले. ही नदी शांत दिसते, पण पावसाळ्यात तिचा भरवसा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महामार्गावरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या. त्यातली एक राजापूर-बोरिवली, म्हणजे आपल्याच उपनगराकडे येणारी. २०१७ साली तेथे नवा पूल खुला झाला. जुलै २०२१ च्या महापुरात महाड बुडाले, आणि तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. म्हणून सहल हिवाळ्यातच काढावी.

जाताना घरची भाकरी-भाजी आणि पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. लेण्यांत कचरा टाकू नये, भिंतींवर नावे लिहू नयेत. ती लेणी आपलाच ठेवा आहेत.

आणखी एक काम निघण्यापूर्वी करावे. महाड, माणगाव, पोलादपूरकडून मुंबईला आलेली कितीतरी कुटुंबे आपल्या चाळीत, वस्तीत आहेत. कुणाचे आजोबा, कुणाचे पणजोबा त्या मिरवणुकीत असतील. त्यांनी घरी सांगितलेल्या गोष्टी आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत उरल्या आहेत. मुलांच्या हाती वही द्या, त्यांना आजी-आजोबांजवळ बसवा आणि त्या गोष्टी तारीख, गाव, नाव घालून उतरवून घ्या. पुस्तकात न आलेला आपला इतिहास त्या वहीत राहील.