घरातील विजेचे पॅनेल बदलण्यापूर्वी

आमच्या पूर्वजांनी कोकणपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालविला, आणि शब्बाथच्या दिवशी ते घाणा बंद ठेवीत म्हणून गावाने त्यांस 'शनिवार तेली' हे नाव दिले. दिव्यात तेल आहे, वात सरळ आहे, एवढे पाहिले की त्या काळी घरच्या प्रकाशाची चिंता संपत असे. त्यांच्याच वंशजांनी आज कॅनडात घरे घेतली आहेत. परंतु ज्या पत्र्याच्या पेटीतून त्या घरांत वीज खेळते, ती पेटी तळघराच्या कोपऱ्यात दुर्लक्षित पडलेली असते. तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण या बाबतीत आमच्या हातून जी चूक घडली, ती वाचकांच्या हातून घडू नये.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही टोरोंटोच्या पूर्वेकडील स्कारबरो भागात एक जुने घर घेतले. घरास ६० अँपिअरचा पुरवठा होता व तळघरात गोल काचेचे, पेचाने बसविण्याचे फ्यूज होते. हिवाळ्यात दर शुक्रवारी सायंकाळी, शब्बाथचे जेवण ऊन ठेवणारी विजेची शेगडी व खोलीतील हीटर एकदम चालू झाले की फ्यूज उडे आणि घर अंधारात बुडे. मुंबईच्या चाळीत आम्ही वाढलो. तेथे किटकॅट फ्यूज वरचेवर जळू लागला की त्यात दुहेरी तार गुंडाळून मोकळे होण्याची रीत सर्वांच्या अंगवळणी पडलेली होती. तीच बुद्धी येथे चालविली. १५ अँपिअरचा फ्यूज काढून त्या जागी ३० चा बसविला. फ्यूज उडणे थांबले आणि आम्ही स्वतःच्या चातुर्यावर खूश झालो.

पुढे विमा कंपनीने घरातील पॅनेलची माहिती मागविली, तेव्हा परवानाधारक वायरमनला बोलावणे भाग पडले. त्याने झाकण काढून दाखविले. त्या एका सर्किटच्या तारेवरील आवरण करपून तपकिरी झाले होते व बोट लावताच त्याचा भुगा होत होता. तीच तार ज्या भिंतीतून वर गेली होती, तिला लागून आमच्या वृद्ध मातोश्रींची खाट होती. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

हिशेब अगदी साधा होता. शेगडी १,००० वॅटची व हीटर १,५०० वॅटचा, मिळून २,५०० वॅट. १२० व्होल्टवर हा भार सुमारे २१ अँपिअर होतो. तार होती १४ गेजची, आणि तिला १५ अँपिअरहून मोठा फ्यूज चालत नाही. १२ गेजला २० व १० गेजला ३० अँपिअर ही मर्यादा आहे. फ्यूज असो वा ब्रेकर, तो भिंतीतील तारेचा पहारेकरी असतो. आम्ही त्या पहारेकऱ्यासच झोपविले होते.

प्रथम कागद, मग पेचकस

पॅनेल बदलण्याचे ठरले की दुकानात धाव घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. येथील घरात वीज दोन भारित तारा व एक न्यूट्रल अशी येते. एक भारित तार व न्यूट्रल यांच्यामध्ये दिव्यांसाठी १२० व्होल्ट मिळतात; दोन भारित तारांमध्ये चूल, कपडे वाळविण्याचे यंत्र यांसाठी २४० व्होल्ट मिळतात.

घरास किती अँपिअर हवेत हे कॅनेडियन इलेक्ट्रिकल कोडच्या रीतीने काढतात. समजा, घर १८० चौरस मीटरचे आहे. पहिल्या ९० चौरस मीटरना ५,००० वॅट व पुढील ९० ना १,००० वॅट धरावे. विजेच्या चुलीस ६,००० वॅट. एअर कंडिशनर ३,५०० वॅटचा असल्यास तो पूर्ण धरावा. कपडे वाळविण्याचे यंत्र ५,००० वॅटचे असले तरी चूल आधीच धरलेली असल्याने त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे १,२५० वॅट. एकूण १६,७५० वॅट. २४० ने भागता सुमारे ७० अँपिअर. अर्थात १०० अँपिअरचा पुरवठा पुरतो. तथापि उद्या चिरंजीवांनी विजेची मोटार आणली व तिला ३२ अँपिअरचा चार्जर बसविला, तर ७,६८० वॅट वाढून आकडा १०२ च्या घरात जातो. मग भार आपोआप नियंत्रित करणारे उपकरण बसवावे लागते, अथवा पुरवठा वाढवावा लागतो. हे आधी कळलेले बरे.

आपल्या घरांपुरती आणखी एक सूचना. शुक्रवारी लावलेली शेगडी शनिवारी रात्रीपर्यंत चालू राहते. असा दीर्घकाळचा भार ब्रेकरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांत ठेवणे इष्ट. १५ अँपिअरवर तो १,४४० वॅट होतो. नवे पॅनेल बसविताना शेगडीसाठी स्वतंत्र सर्किट मागून घ्यावे. मलिद्याच्या दिवशी पाहुणे जमतात व भाताची दोन-तीन कुकरे एकदम लागतात, तेव्हाही त्याचा उपयोग होतो.

जागाही तपासावी. स्नानगृह, कपड्यांचे कपाट व जिना येथे पॅनेल लावता येत नाही. समोर एक मीटर मोकळी जागा हवी व कोणत्याही ब्रेकरची मूठ जमिनीपासून १.७ मीटरहून उंच असू नये.

भाग कोठून घ्यावेत

पॅनेल व ब्रेकर ही जोडी एकमेकांस मान्य असावी लागते. स्क्वेअर डी, सीमेन्स, ईटन यांची घडण वेगवेगळी आहे. एकाचा ब्रेकर दुसऱ्याच्या पॅनेलमध्ये दाबून बसला, एवढ्याने तो योग्य ठरत नाही; पॅनेलच्या दारावरील तक्त्यात त्याचे नाव असले पाहिजे. घर भरभरून वाढते, म्हणून आज २० सर्किटे लागत असतील तर ३२ किंवा ४० जागांचे पॅनेल घ्यावे.

बफेलोला फेरी मारून स्वस्त पॅनेल आणण्याचा मोह पुष्कळांस होतो. परंतु कॅनडातील पॅनेलमध्ये मुख्य ब्रेकरचा कप्पा पडद्याने वेगळा केलेला असतो, तसा तो अमेरिकन पॅनेलमध्ये सहसा नसतो. शिवाय सीएसए, अथवा डाव्या बाजूस 'सी' असलेली यूएल किंवा ईटीएल अशी कॅनडास मान्य खूण मालावर नसल्यास निरीक्षक तो नापास करतो. जुन्या बाजारातील ब्रेकर तर घेऊच नयेत. त्याने पूर्वी काय सोसले आहे ते बाहेरून दिसत नाही.

नावाजलेला मालही डोळे झाकून घेऊ नये. फेडरल पायोनिअरच्या 'स्टॅब-लॉक' जातीतील १५ अँपिअरचे काही ब्रेकर १९९७ साली परत मागविले गेले, व २०२२ साली श्नायडर इलेक्ट्रिकने स्क्वेअर डी 'क्यूओ' जातीची काही पॅनेले परत बोलाविली. म्हणून क्रमांक व निर्मितीची तारीख टिपून हेल्थ कॅनडाच्या सूचीत पडताळून पाहावी.

साधारणतः १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बांधलेल्या पुष्कळ घरांत अॅल्युमिनियमच्या तारा आहेत. ऑन्टॅरिओ सरकारने त्यांच्या चौकशीसाठी भूगर्भशास्त्रज्ञ जे. टुझो विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. धोका मुख्यतः सैल वा अयोग्य जोडांत असतो. अशा घरी नुसते पॅनेल बदलून भागत नाही. जोडही जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

परवाना व तपासणी

ऑन्टॅरिओत हे काम इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीकडे नोंदवावे लागते. कंत्राटदाराजवळ परवाना हवा. त्याचा सात आकडी क्रमांक विचारण्यात संकोच मानू नये. घरमालकास स्वतःच्या घरी काम करण्याची मुभा आहे, पण नोंदणी व तपासणी त्यासही चुकत नाही. क्वेबेकमध्ये ती मुभाही नाही. मीटरकडून येणाऱ्या तारा मुख्य ब्रेकर बंद केला तरी जिवंतच असतात. म्हणून वीज कंपनीकडून पुरवठा तोडून घेतल्यावाचून पॅनेलला कोणीही हात लावू नये.

आम्हांसही एका गृहस्थाने 'रोख द्या, कागदपत्रांची कटकट नको' असे सुचविले होते. आम्ही नकार दिला, त्याचे आज समाधान वाटते. तपासणीचा कागद विमा कंपनीस दाखविता आला, आणि उद्या घर विकताना तोच उपयोगी पडेल.

नवे पॅनेल बसल्यावर पहिल्या शुक्रवारी मातोश्रींनी मेणबत्त्या पेटविल्या. शेगडी चालू होती, हीटर दुसऱ्या सर्किटवर होता. रात्रभर काहीही घडले नाही, आणि हेच आम्हांस हवे होते. वाचकांनी या आठवड्यात पाच मिनिटे काढून तळघरात जावे, पॅनेलच्या दाराला हाताचा मागचा भाग लावून ते गरम तर नाही ना हे पाहावे, फ्यूज असल्यास त्यांवरील आकडे वाचावेत. एखादा आकडा संशयास्पद वाटल्यास उद्यावर न टाकता परवानाधारक वायरमनला बोलवावे, हीच आमची नम्र विनंती.