बाटलीभर पाण्यात माशांची हजेरी

समुद्रात मासळी किती, याचा अंदाज आपण आजवर मुख्यतः जाळ्यात काय आलं यावरूनच बांधत आलो. जे जाळ्याला लागत नाही, कपारीत दडून राहतं, बाजारात ज्याला भाव नाही, त्याची नोंदच होत नाही. आता मासा न पकडताही त्याचा माग काढता येतो.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर, खवले, विष्ठा यांतून त्याचा डीएनए सतत पाण्यात मिसळत असतो. काही दिवसांत तो विरूनही जातो, म्हणून सापडला तर तो ताजा असतो. बाटलीभर पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं. गाळणीवर उरतो तो जेमतेम एक मळकट डाग. त्यातला डीएनए वेगळा करून, करोना चाचणीमुळे घरोघरी माहीत झालेल्या पीसीआरने माशांच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाढवायचा आणि वाचायचा. जपानच्या मासाकी मिया यांच्या गटाने 2015 मध्ये त्यासाठी निवडलेला तुकडा साधारण 170 अक्षरांचा आहे. बहुतेक जाती ओळखायला तेवढा पुरतो.

जपानच्याच मायझुरू उपसागरात संशोधकांनी सहा तासांत 47 ठिकाणचं पाणी भरलं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 128 जातींचे मासे निघाले. तिथे 14 वर्षं बुड्या मारून केलेल्या पाहण्यांत कधीच न दिसलेल्या किमान 23 स्थानिक जातीही त्यात होत्या.

तरी हुरळून जायला नको. याच उपसागरात घाऊक मासळी बाजाराजवळच्या पाण्याने संशोधकांना सावध केलं, कारण बाजारातल्या मेलेल्या माशांचा डीएनएही पाण्यात उतरतो. उद्या मुंबईत ससून डॉकच्या धक्क्याला बाटली बुडवली, तर दूरवरून पकडून आणलेल्या मासळीचीही हजेरी लागेल. शिवाय पापलेटचं पिल्लू कुठलं आणि गाभोळीने भरलेली मादी कुठली, हे डीएनए सांगत नाही. साठ्याचा हिशेब तर त्यावरच ठरतो. त्यामुळे बंदरावरची मोजदाद चालूच ठेवावी लागेल.

पण पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. अनेक मासे अंडी घालतात त्याच काळात बंदरावरची आकडेवारी आटते. ती उणीव पाण्याचे नमुने काही अंशी भरून काढतील. महाराष्ट्राने पापलेटला 2023 मध्ये राज्यमासा केलं, आता त्याच्या पाण्याचीही नोंद ठेवायला हवी. मत्स्यव्यवसाय विभागाने किनाऱ्यावरच्या ठरावीक जागांचं पाणी दरवर्षी तपासावं आणि ते भरायचं काम मच्छीमार सहकारी संस्थांकडे द्यावं.