रोगाची वाट अडवा, रोग्याची नव्हे

आपल्या संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी नित्य आढळणाऱ्या सांसर्गिक रोगांविषयी चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने सुचविले. संस्थेच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस बसण्याचा योग मला पुष्कळ वर्षे लाभला आहे. तेथे येणारी मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांचीच उत्तरे येथे द्यावीत, हे बरे. “रोग्याचे ताट वेगळे ठेवावे काय?” हा एक प्रश्न. “मुलाला शाळेत पाठवावे काय?” हा दुसरा. तिसरा प्रश्न मात्र निघता निघता, दाराशी थांबून, हलक्या आवाजात विचारला जातो: “हे कोणाला कळणार तर नाही ना?” या लेखाचा रोख मुख्यतः त्या तिसऱ्या प्रश्नाकडे आहे.

सांसर्गिक रोग म्हणजे एका जिवाकडून दुसऱ्या जिवाकडे जाणारा रोग. त्याचे मूळ कारण सूक्ष्म जंतू, विषाणू किंवा परोपजीवी असतात. हे झाले रोगाचे बीज. पण बीजाला पाय नसतात. कोणी तरी त्याला वाहून न्यावे लागते; कधी पाणी, कधी हवा, कधी डास, कधी जनावराचा दात. प्रत्येक रोगाची वाट ठरलेली असते व सहसा तो ती सोडीत नाही. म्हणून रोगाचे नुसते नाव कळून भागत नाही. त्याची वाट कळली पाहिजे.

१८९७ सालच्या दोन गोष्टी

ही गोष्ट आपल्या लोकांना फार महागात शिकावी लागली. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग आला व पुढे पुण्यात पोहोचला. प्लेगचा जंतू १८९४ सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. परंतु तो उंदरांवरील पिसवांच्या द्वारे माणसाला गाठतो, हे अद्याप कोणास ठाऊक नव्हते. त्यामुळे सारा रोख माणसांवर आला. पुण्यात सोजिरांनी घरे झडली, रोगी उचलून नेले, सामान जाळले. लोकांनी भीतीने रोगी लपविले. पिसवा मात्र घरातच राहिल्या. याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत असता १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निवर्तल्या. पिसवांची कल्पना पहिल्याने १८९८ मध्ये कराचीस मांडली गेली, आणि मुंबईतील प्रयोगांनी ती पक्की व्हावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

त्याच वर्षी, म्हणजे २० ऑगस्ट १८९७ रोजी, आपल्या सिकंदराबादेस दुसरी गोष्ट घडली. बेगमपेठ येथे रोनाल्ड रॉस नावाचे लष्करी डॉक्टर हिवतापाचा शोध घेत होते. हुसेनखान नावाच्या एका रोग्याने दर डासामागे एक आणा या बोलीवर आपल्या अंगावर डास चावू दिले. ते डास कापून पाहता पाहता एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाचे जंतू वाढताना दिसले. पुढल्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी उरलेली वाट उलगडली, व १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ‘वाईट हवेने ताप येतो’ ही शेकडो वर्षांची समजूत त्या शोधाने संपली. नल्लाकुंट्याच्या ज्या इस्पितळाला आपण अजूनही ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतो, त्यास आज रॉस यांचेच नाव आहे. ‘कोरंटी’ हा क्वारंटाईन या शब्दाचाच अपभ्रंश होय. रोग्याला गावाबाहेर ठेवण्याच्या काळाचे नाव व रोगाची वाट शोधणाऱ्याचे नाव, अशी दोन्ही नावे त्या एकाच दारावर आली आहेत.

पाण्याची व अन्नाची वाट

विषमज्वर म्हणजे टायफॉइड, पटकी, हगवण आणि कावीळीचे दोन प्रकार या वाटेने येतात. वाट सांगावयास संकोच वाटतो, पण ती अशी की, एकाची विष्ठा सूक्ष्म प्रमाणात दुसऱ्याच्या तोंडी जाते. फुटलेला नळ गटाराशेजारून जातो, माशी उघड्या अन्नावर बसते, हात न धुता पोळ्या लाटल्या जातात. एवढे पुरेसे होते.

विषमज्वर लागण झाल्यापासून साधारण एक ते तीन आठवड्यांनी प्रकट होतो. ताप एकदम न चढता रोज थोडा थोडा वाढतो. डोके दुखते, भूक मरते, पोट बिघडते. दुर्लक्ष झाल्यास तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला छिद्र पडून जिवावर बेतते. काही माणसे बरी झाल्यावरही पित्ताशयात जंतू बाळगून हिंडतात व त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. म्हणून स्वयंपाक करणाराचे हात धुतलेले असावेत, हा नियम तो आजारी दिसत नसतानाही पाळावयाचा असतो.

पटकीत तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, आणि रोगी मरतो तो अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. जुलाब सुरू होताच औषधांच्या दुकानातील क्षार-साखरेची पुडी, म्हणजे ओआरएस, पाण्यात कालवून द्यावी. ती जवळ नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट पाजीत राहावे आणि रोग्यास दवाखान्यात न्यावे. जुलाब होतात म्हणून पाणी तोडणे ही घातक चूक आहे.

कावीळीत डोळे व लघवी पिवळी होतात, मळमळ सुटते, अन्नाचा वीट येतो. पाण्यातून येणारी कावीळ बहुधा आपोआप उतरते. त्यामुळेच माळ घालणारे व चुना लावून हातातून पिवळे पाणी काढणारे यांना यश लाभते! परंतु गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, यातील एक प्रकार प्राणघातक होऊ शकतो. तेथे एक दिवसही दवडू नये.

डासांची वाट

हिवताप आणि डेंग्यू दोन्ही डासांनी पसरतात, पण डास निराळे व त्यांच्या वेळाही निराळ्या. हिवतापाचा डास रात्री चावतो. शहरातील त्याची एक जात गच्चीवरच्या उघड्या टाकीत सुखाने वाढते. थंडी वाजून हुडहुडी भरणे, मग कडक ताप, मग घाम, हा त्याचा क्रम. तथापि तो नेहमीच इतका स्पष्ट नसतो, म्हणून रक्त तपासणे आवश्यक. हिवतापाच्या एका जातीचे जंतू यकृतात दडून राहतात व महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी डॉक्टर चौदा दिवसांच्या निराळ्या गोळ्या देतात. ताप उतरला म्हणून त्या गोळ्या कपाटात ठेवून देणारे तोच ताप पुन्हा घेऊन येतात.

डेंग्यूचा डास अंगावर पांढरे पट्टे असलेला असून दिवसा चावतो. त्याला गटाराची घाण लागत नाही; कूलर, कुंडीखालची बशी, शीतकपाटामागील तबकडी, उघडा हौद यांतील स्वच्छ पाणीच त्याला आवडते. अंड्यापासून डास व्हावयास आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, घासून, कोरडी केली की त्याचा वंश खुंटतो. एकदम चढणारा ताप, डोळ्यांमागे दुखणे, हाडे मोडून आल्यासारखे वाटणे व पुरळ ही लक्षणे. धोका अनेकदा ताप उतरताना येतो, हे घरोघर सांगण्यासारखे आहे. पोटात सतत कळा, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, तळमळ, यांपैकी काही दिसताच रोग्यास इस्पितळात न्यावे. अशा तापात ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्राव वाढतो.

चाव्याची वाट

कुत्र्याच्या चाव्यातून होणारा रेबीज एकदा प्रकट झाला की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही; तत्पूर्वी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना काही लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी व पुढील सर्व तारखा पाळाव्यात. ओरखडा लहान आहे म्हणून मुले घरी सांगत नाहीत. त्यांना रागावले जाणार नाही, एवढी खात्री आईबापांनी द्यावी.

हवेची वाट

गोवर, कांजिण्या, इन्फ्लुएन्झा व क्षय हवेतून पसरतात. गोवर यांत सर्वांत चपळ. ताप, खोकला, वाहते नाक, लाल डोळे, आणि मग कानामागून व तोंडावरून खाली उतरणारे पुरळ, असा त्याचा क्रम असतो. ‘देवीचा कोप’ म्हणून घरी बसू नये. खरी देवी तर लसीनेच गेली. भारतात तिचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला. गोवराची लस बाळाला नऊ महिने पुरे झाल्यावर व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास द्यावयाची असते.

आता क्षय. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे त्याचा जंतू जाहीर केला. पण औषध सापडावयास आणखी साठ वर्षे लागली. त्या मधल्या काळात आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन आल्या आणि १८८७ साली, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, क्षयानेच गेल्या. आज त्यांचे प्राण गोळ्यांनी वाचले असते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटते वजन, कधी थुंकीतून रक्त, ही त्याची लक्षणे. तो खोकल्यातून हवेत उडणाऱ्या कणांनी पसरतो. ताट, वाटी, कपडे यांनी नव्हे. जंतू शरीरात शिरलेल्यांपैकी बहुतेकांना रोग कधीच होत नाही. साध्या क्षयास साधारण सहा महिने औषध लागते, ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच रोग्यापासून इतरांना असलेला धोका फार कमी होतो.

मग रोग्याला घराबाहेर काढावयाचे कशाला? याचे उत्तर मद्रासने दिले. १९५६ साली तेथे एक मोठी चाचणी सुरू झाली. गरीब वस्तीतील क्षयरोग्यांपैकी काहींना आरोग्यभुवनात ठेवले, काहींना दाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. दोन्हीकडे रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले, आणि घरी ठेवल्यामुळे घरच्या माणसांत क्षय अधिक वाढला, असेही आढळले नाही. औषधे नेमाने घेतली की वाट बंद होते.

एका घरची हकीकत

काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक मुलगी दवाखान्यात येऊ लागली. क्षयाचे निदान झाले, औषधे सुरू झाली, तिसऱ्या महिन्यात वजन वाढले, आणि ती येईनाशी झाली. लग्न ठरले होते. सात-आठ महिन्यांनी ती आली तेव्हा नेहमीची औषधे तिला लागू पडत नव्हती. सासरच्या लहान पुतण्यालाही लागण झाली होती. मी रागावलो. ती म्हणाली, “काका, त्या घरात गोळ्या लपवायला जागा नव्हती.”

दीर्घ उपचारांनी दोघेही बरे झाले. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. तिचा अपराध मोजावयास मी निघालो होतो. प्रत्यक्षात तिला भीती घालणारे आपण सर्व होतो. माहेरच्यांनी लपविले, कारण सासरचे काय म्हणतील. सासरच्यांना सांगितले असते तर कदाचित ते म्हणालेही असते. १८९७ च्या पुण्यात लोकांनी सोजिरांच्या भयाने रोगी लपविले. आपण एकमेकांच्या भयाने लपवितो. दोन्ही वेळा सोय झाली ती रोगाची.

संस्थेपुरते बोलावयाचे तर तीन गोष्टी आपल्या हाती आहेत. महाप्रसादाच्या दिवशी पाणी उकळलेले किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेले असावे, आणि वाढप्यांसाठी साबण व नळ पंगतीच्या तोंडाशीच असावा. सभागृहाच्या गच्चीवरील टाक्यांना घट्ट झाकणे असावीत व दर रविवारी कोणी तरी वर जाऊन ती पाहावीत. तिसरी गोष्ट खर्चाची नाही. कोणाच्या घरी क्षयाचा रोगी आहे असे कळल्यास त्या घरी जावे, खिडक्या उघड्या ठेवण्यास सांगावे, बसून चहा घ्यावा, आणि निघताना विचारावे, “आजची गोळी घेतलीत ना?”