मुलांचा रेंगाळणारा खोकला

मंडईच्या शेजारीं राहणाऱ्या आम्हांस मिरचीचा खाट नवा नाहीं. त्यानें लागलेला ठसका घटकेंत ओसरतो. परंतु जो खोकला रात्रीं वा पहांटे उठतो, धांवल्यानें बळावतो, श्वास सोडतांना छातींत शिटी वाजवितो, तो दम्याचा असूं शकतो. त्यांत श्वासनलिका आंतून सुजतात व आवळतात. धूळ, धूर, आणि ज्याची नोंद १९५५ सालीं याच पुण्यांत झाली त्या गाजरगवताचे पराग निमित्तास पुरतात. दोन आठवडे उलटल्यास क्षयाचीही तपासणी व्हावी.

पंपाचें औषध थेट श्वासनलिकांत पोंचतें, म्हणून मात्रा अल्प लागते. त्याची संवय जडते हा समज खोटा. तरी मुलीचा पंप कपाटांत लपविणारीं घरें आहेतच! झटका आवरणारा पंप दप्तरांत हवा व वर्गशिक्षकांस तें ठाऊक हवें. ओठ निळे पडल्यास वा बोलतां येईनासें झाल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.