पत, भय आणि मौन : ऑनलाइन लिलावातील कटु अनुभवांचा विचार

लिलाव ही विक्रीची पद्धत आपणांस नवी नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा माल व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर असतो. तो हातात घेऊन पाहिल्यावरच बोली बोलली जाते. बोली बोलणारे परस्परांस ओळखतात, आणि आज शब्द फिरविणाऱ्यास उद्या त्याच आवारात तोंड दाखवावयाचे असते. ऑनलाइन लिलावात या तीनही गोष्टी एकदम नाहीशा होतात. माल दिसत नाही, माणूस दिसत नाही आणि पुन्हा गाठ पडेलच याची शाश्वती नसते. अशा बाजारात ग्राहकांस व विक्रेत्यांस कटु अनुभव आले तर त्यात नवल नाही. खरा प्रश्न निराळाच आहे : हे अनुभव बाजाराच्या दप्तरी नोंदले जातात काय? नोंदले जात नसतील, तर का? ‘ईबे’ या अमेरिकी लिलावपेठेच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्नाची सैद्धांतिक बैठक जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली घालून दिली. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन त्यांनी असे दाखविले की, मालाचा खरा दर्जा केवळ विक्रेत्यासच ठाऊक असेल तर ग्राहक सरासरी दर्जाची किंमत देऊ करतो; ही किंमत चांगल्या मालाच्या धन्यास परवडत नाही व तो बाजारातून अंग काढून घेतो; त्यामुळे सरासरी आणखी खालावते. म्हणजे अप्रामाणिक विक्रेत्यामुळे होणारी हानी केवळ फसलेल्या ग्राहकापुरती मर्यादित राहत नाही. प्रामाणिक विक्रेत्याचे स्थानच तीमुळे धोक्यात येते. या विचाराबद्दल अ‍ॅकरलॉफ यांस २००१ साली, मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह, अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सिद्धांतानुसार ईबेसारखी पेठ टिकावयासच नको होती. पिएर ओमिड्यार यांनी ती सप्टेंबर १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली, आणि अनोळखी माणसांनी एकमेकांवर विश्वास कसा ठेवावा हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९९६ साली त्यांनी एक उपाय योजला : प्रत्येक व्यवहारानंतर ग्राहकाने विक्रेत्यास व विक्रेत्याने ग्राहकास अनुकूल, तटस्थ वा प्रतिकूल असा शेरा द्यावा, व त्या शेऱ्यांची बेरीज सर्वांस दिसावी. आपल्याकडे पेढीची ‘पत’ म्हणून जी गोष्ट ओळखली जाते, तिचेच हे आकड्यांत उतरविलेले रूप होय. या पतीस बाजारभाव होता, हेही पुढे सिद्ध झाले. पॉल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या चित्रपोस्टकार्डांचे सारखेच संच एका नामांकित विक्रेत्याच्या जुन्या खात्यावरून व त्याच विक्रेत्याच्या नवख्या खात्यांवरून विकून पाहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जुन्या खात्यास सुमारे ८.१ टक्के अधिक किंमत मिळाल्याचे आढळले.

कटु अनुभव कोणत्या प्रकारचे असतात, हे आता पाहू. ग्राहकाच्या बाजूने पाहता, पैसे भरूनही माल न येणे, वर्णनापेक्षा हलका वा बनावट माल येणे, आणि किंमत कृत्रिम रीतीने चढविली जाणे, हे मुख्य होत. यांपैकी शेवटचा प्रकार लिलावाचा खास रोग आहे. ईबेवर ग्राहक आपली कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवितो व यंत्रणा त्याच्या वतीने, इतरांच्या बोलीहून थोडी थोडी अधिक अशी बोली वाढवीत नेते. विक्रेत्याने वा त्याच्या हस्तकाने खोट्या नावाने बोली लावली की, ग्राहकाला त्याच्या मर्यादेपर्यंत रेटता येते. २००० साली एका चित्रावर १,३५,८०५ डॉलरची बोली लागली; प्रख्यात अमेरिकी चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न यांची ती कृती असावी असा समज करून देण्यात आला होता. विक्रेत्याने स्वतःच बोली लावल्याचे उघडकीस येताच ईबेने तो व्यवहार रद्द केला, आणि पुढील वर्षी त्या टोळीवर फौजदारी आरोप ठेवण्यात आले. अशा बनावट बोलीचा विचार आपल्या कायद्याने फार पूर्वीच केलेला आहे. १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम ६४ प्रमाणे, विक्रेत्याने किंमत वाढविण्यासाठी खोटी बोली वापरल्यास ती विक्री ग्राहकाच्या इच्छेनुसार रद्द होऊ शकते.

विक्रेत्याची गाऱ्हाणीही कमी नाहीत. सर्वोच्च बोली लावून पैसेच न भरणारा ग्राहक. माल पोचूनही पोचला नाही असे सांगणारा ग्राहक. चांगली वस्तू ठेवून घेऊन मोडकी परत पाठविणारा ग्राहक. आणि प्रतिकूल शेऱ्याची धमकी देऊन किमतीचा काही भाग परत मागणारा ग्राहक, हे सर्व या पेठेत भेटतात. मालाच्या दर्जाविषयी विक्रेता जाणता व ग्राहक अजाण असतो, हे खरे. परंतु पैसे भरण्याच्या इराद्याविषयी ही स्थिती नेमकी उलट होते.

इतके सर्व घडत असता नोंदी काय सांगतात? रेझ्निक व रिचर्ड झेकहाउसर यांनी १९९९ मधील व्यवहारांचा अभ्यास केला. निम्म्याहून थोड्या अधिक ग्राहकांनी शेरे दिले होते, आणि त्या शेऱ्यांपैकी ९९.१ टक्के अनुकूल होते. या आकड्यावरून ईबे हा सज्जनांचा मेळावा होता असे कोणी म्हटल्यास ती मोठी चूक ठरेल. शेरे परस्परांस द्यावयाचे असल्यामुळे, ज्याने प्रथम प्रतिकूल शेरा दिला त्यास त्याच नाण्यात परतफेड मिळण्याचा संभव असे. फसलेल्या ग्राहकापुढे मग दोनच मार्ग उरत : खरे बोलून स्वतःची पत धोक्यात घालावी, किंवा गप्प बसावे. पुष्कळांनी दुसरा मार्ग पत्करला. डेलारोकस व वुड यांनी दुर्मीळ नाण्यांच्या ५० हजारांहून अधिक लिलावांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. शेरा न देणे हीही एक माहितीच आहे, असे गृहीत धरून त्यांनी समाधानी ग्राहकांचे जे प्रमाण काढले, ते शंभरास नव्व्याण्णव नसून साधारणतः चार पंचमांश भरले. या दोहोंतील अंतर म्हणजेच भयाने व उदासीनतेने गिळलेली तक्रार होय.

या दोषावर ईबेने मे २००८ मध्ये कठोर उपाय केला : विक्रेत्याने ग्राहकास प्रतिकूल वा तटस्थ शेरा देण्याचा अधिकारच काढून घेतला. विक्रेते संतापले; त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांच्यापैकी काहींनी बहिष्कारही पुकारला होता. क्लाइन, लांबेर्ट्झ व श्टाल यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार, या बदलानंतर ग्राहकांचे समाधान वाढले, परंतु पेठ सोडून जाणाऱ्या विक्रेत्यांचे प्रमाण वाढले नाही. म्हणजे वाईट विक्रेते हाकलले गेले असे नव्हे, तर असलेलेच विक्रेते अधिक काळजीने वागू लागले. ग्राहकास निर्भयपणे बोलू देताच विक्रेत्यांची वागणूक सुधारली, हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. तथापि या उपायाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. धमकी देणाऱ्या ग्राहकाविरुद्ध विक्रेत्याचा जाहीर आवाज नाहीसा झाला. मोठा व्यापारी अशी एखादी खोट शेकडो व्यवहारांत सहज पचवितो. घरातील जुनी वस्तू विकणाऱ्या लहान विक्रेत्यास तीच खोट जड जाते. एका बाजूचे मौन फोडताना दुसऱ्या बाजूवर मौन लादले गेले, असेच म्हणावे लागेल.

भारतात याच प्रश्नास निराळ्या दिशेनेही उत्तर शोधले गेले. मुंबईतील ‘बाझी’ ही लिलावपेठ ईबेने २००४ साली विकत घेतली. तेथील ‘पैसापे’ या योजनेत ग्राहकाने भरलेली रक्कम मध्यस्थाकडे राहत असे व माल पोचल्यानंतर ती विक्रेत्याच्या पदरी पडे. पूर्वीच्या पतीवर भिस्त ठेवण्याऐवजी, रक्कमच अडवून ठेवून विश्वासाची गरज कमी करावी, हे त्यामागील तत्त्व होते. ईबेचा भारतीय व्यवसाय २०१७ साली फ्लिपकार्टकडे गेला व ऑगस्ट २०१८ मध्ये ती पेठ बंद झाली. पुढे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-वाणिज्य नियम यांनी तक्रारनिवारण अधिकारी नेमण्याचे बंधन अशा पेठांवर घातले.

या विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, पत ही केवळ व्यक्तीच्या सचोटीची फलश्रुती नसून, कोणी, केव्हा व कोणत्या जोखमीवर बोलावे हे ठरविणाऱ्या नियमांचीही फलश्रुती आहे. नियम बदलताच तीच माणसे निराळी वागतात. दुसरी गोष्ट संशोधकांच्या कामाची आहे. ऑनलाइन पेठांतील तारांकित शेरे आज अभ्यासकास आयते उपलब्ध होतात, व त्यांची सरासरी काढून निष्कर्ष मांडण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु ज्यांनी शेरा दिलाच नाही त्यांची संख्या किती, आणि बोलण्याची किंमत त्यांना काय पडली असती, हे विचारल्यावाचून ती सरासरी अर्थहीन होय. लासलगावात शेतकरी भाव न पटून ट्रॉली माघारी नेतो, तेव्हा त्याचा नकार सर्वांस दिसतो. ऑनलाइन बाजारात तसाच नकार मुकाट्याने निघून जातो. त्याची मोजणी करण्याची रीत शोधणे, हे या क्षेत्रातील अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे.